रिळाची गाडी

धुळ्याच्या एका अध्यापक विद्यालयात मी भावी प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवायचो. ऊर्जेचं प्रकरण आलं की माझं डोकं उठायचं. आमचे विद्यार्थी जवळच्या शाळेत सरावाचे पाठ घ्यायचे. तिथल्या चौथीच्या पोरांनी हा पाठ इतक्यांदा ऐकला होता की प्रश्न संपायच्या आत वर्ग ओरडायचा, "कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा!" शिकवणारा चहा प्यायला निघून गेला असता तरी काही अडलं नसतं.

पारोळ्याकडची एक विद्यार्थिनी मात्र एकदा म्हणाली, "सर, पण क्षमता म्हणजे नेमकं काय?" असा प्रश्न ऐकायला माझे कान आसुसले होते. मी हुरळलो. दोऱ्याचं रिकामं रीळ, रबर आणि काडी घेऊन आम्ही गाडी केली. काडी फिरवून रबर पिळायचं आणि सोडायचं, की रीळ चालू लागे. आधी पोरांनी गाडी चालवायची, व्याख्या मागून, असं ठरलं. निदान एक तरी बाई शाळेत जाऊन असं शिकवील, एवढीच माझी आशा होती.

वार्षिक परीक्षेच्या पाठाला बाहेरचे परीक्षक आले. त्या विद्यार्थिनीनं चौथीतल्या एका पोरीला पुढे बोलावून रबर पिळायला लावलं. गाडी टेबलावरून निघाली तसा सगळा वर्ग बाकांवरून उठला.

"हिच्यात जोर कुठून आला?" तिनं विचारलं.

पाठ केलेलं उत्तर कुणालाच आठवलं नाही. ती पोरगी आपल्या बोटांकडे बघत अहिराणीत म्हणाली, "मन्हा हातमाईन!" माझ्या हातातून.

माझे डोळे भरून आले. परीक्षकांनी मात्र टेबलावर पेन आपटलं. "बाई, वर्गावर लक्ष आहे का?"

ती गांगरली. रीळ खणात टाकून तिनं विचारलं, "ऊर्जा म्हणजे काय?" वर्ग एका सुरात ओरडला. परीक्षक खूश झाले आणि सगळ्यांत जास्त गुण तिलाच मिळाले. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "बठ्ठा पोरे हुशार शेतस, सर. त्या सगळ्यांनीच वाचवलं." पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

काही वर्षांनी कामानिमित्त पारोळ्याला गेलो, तेव्हा तिच्या शाळेत डोकावलो. पोरं हाताची घडी घालून तीच व्याख्या म्हणत होती. तिनं आनंदानं खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावर पोरांकडून काढून घेतलेल्या वस्तू पडल्या होत्या. गोट्या, भोवरा आणि एक रिळाची गाडी.

"वर्गात खेळत बसतात, सर," ती म्हणाली. "अभ्यासात लक्षच नाही."

मी मान डोलावून कप टेबलावर ठेवला. गाडीची काडी गोट्यांत अडकली होती. रबर अजून पिळलेलंच होतं.