डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा डोळा

मला आधी एक सांगा. माणसानं भरवसा ठेवावा तर नेमका कोणावर ठेवावा? गिऱ्हाइकावर? माल पाठवणाऱ्यावर? की घरच्या माणसांवर? चहा येईपर्यंत विचार करा. तोवर माझं उत्तर ऐका. मी तीस वर्षं भरवसा ठेवला तो फक्त स्वतःवर, आणि त्यानंच मला असं तोंडावर पाडलं की आजही एखादा ओळखीचा ट्रकवाला दुकानासमोर गाडी हळू करतो, मान बाहेर काढतो आणि ओरडतो, "शेठ, नमुना भेटला का?"

हसू नका. ऐका पुढं.

माझं दुकान लाखनीला, हायवेला लागून. गाड्यांच्या सुट्या भागांचं. शाळेनं मला नववीत सोडलं, की मी शाळेला, यावर घरात अजून दोन मतं आहेत. पण डोळे बांधून माझ्या हातात बेअरिंग द्या. एकदा फिरवीन आणि सांगीन, कोणत्या गाडीचं, किती चाललेलं आणि आणखी किती चालेल. हे कोणत्या कॉलेजात शिकवतात?

आता आमच्या धंद्यातली एक रीत समजून घ्या, नाहीतर माझा पराक्रम कळणार नाही. आमच्याकडे तोंडी वर्णनाला काडीची किंमत नाही. गिऱ्हाईक म्हणते, "ते गोल-गोल असते ना, खाली लागते, ते द्या." या वर्णनात तर पृथ्वीसुद्धा बसते! म्हणून आम्ही म्हणतो, नमुना आणा. जुना भाग काढून आणा, तसाच नवा घेऊन जा. आमच्याकडे नसला तर तो नमुना एसटीनं नागपूरला जातो. तिथं नसला तर ट्रकवाल्याच्या सीटखाली बसून रायपूरला, जबलपूरला. सोयरीक शोधायला निघालेल्या मामासारखा हिंडत राहतो आणि एक दिवस जोडीदार घेऊन परत येतो.

तर एका सकाळी फोन आला. आमच्या इकडच्या शहापूरच्या डॉक्टरीणबाई.

बाई म्हणजे आमच्याकडची मोठी असामी. निम्म्या तालुक्याचा पहिला टाहो त्यांनी ऐकलेला. त्यात माझी दोन्ही लेकरं आली. आता वय सत्तरीच्या पुढं. आणि त्यांची ती विलायती गाडी! त्यांच्या साहेबांनी शिकायला गेले होते तिथून बोटीनं आणलेली. भाताच्या पेजेच्या रंगाची, लांबलचक, नाकाडाशी निमुळती. साहेब गेले, पण गाडी बाईंनी अशी ठेवलीय की बाजूला उभं राहून भांग पाडून घ्यावा.

"भाऊ, वानरानं घात केला," बाई म्हणाल्या. "छपरावरून उडी मारली, मातीचं कवेलू घसरलं, ते बरोबर गाडीच्या डाव्या दिव्यावर. काचेचा चुरा!"

"होते बाई. लावून देऊ."

"तसं नाही हो. नातीचं लग्न बारा दिवसांवर आलंय. नवरी मांडवात जाईल तर याच गाडीत, आणि चालवणार मी. साहेबांना शब्द दिला होता मी, ती पाळण्यात होती तेव्हा. आता एका डोळ्याची गाडी घेऊन जाऊ का? व्याही म्हणतील, म्हातारीला मोतीबिंदू अन् गाडीलाही!"

मी तिथंच शब्द दिला. "बाई, लग्नाच्या आधी काच बसली समजा. नाही बसली तर दुकानाची पाटी उतरवतो."

बघा, कोणी मागितलं होतं का हे? पण तोंड माझं!

शहापूरला गेलो. सोबत गुलाब मिस्त्री. माझ्याच वयाचा, बोलणं कमी, पण जे बोलेल ते नेमकं टोचेल असं. दिव्याच्या काचा पाहिल्या. त्या आपल्या गाड्यांसारख्या गोल नव्हत्या. उभ्या, कैरीच्या फोडीसारख्या, एका अंगाला फुगीर आणि दुसऱ्या अंगाला गाडीच्या उतारासोबत मागे वळलेल्या.

बाईंनी बिस्किटाचा डबा पुढं केला. "सगळे तुकडे वेचून ठेवलेत. गोंदानं चिकटवले तर आकार समजेल."

मी डबा प्रेमानं बाजूला सारला. "बाई, तुकड्यांवर धंदा होत नाही. नमुना साबूत लागतो." आणि गुलाबला म्हटलं, "ती चांगली काच काढ."

"शेठ, चांगली कायले काढून राहिलो मी? फुटली तं तिकडची हाये."

"गुलाब, तू पेचकस फिरव. धंद्याचं मले पाहू दे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि पेचकस फिरवला. आता गाडीचे दोन्ही डोळे रिकामे!

नमुना गोधडीत गुंडाळून मी नागपूरला रफिकभाईकडं पाठवला. रफिकभाई जुन्या गाड्यांच्या मालातला जाणता माणूस, माझा वीस वर्षांचा संबंध. फोनवर सांगितलं, "रफिकभाई, हूबहू नमुन्यासारखीच पाहिजे. एक रेघ इकडची तिकडं नको."

"देखता हूँ सेठ. बस एक बात पूछनी थी..."

"पूछो मत, ढूँढो! टाइम नहीं है."

आमचं हिंदी असंच. कामापुरतं, पण रुबाबदार.

चार दिवस गेले. रफिकभाई म्हणाला, "अपने पास वैसी नहीं है. नमूना रायपुर भेजा है." झालं! माझ्या व्यापारी डोक्यात किडा वळवळला. हा रफिकभाई नक्की वेळ काढून राहिला. लग्न जवळ येऊ देईल आणि मग भाव चढवेल. मी काय आजचा आहे का?

म्हणून मी काय केलं? त्याला न सांगता, पाठवण्याआधी काढून ठेवलेला काचेचा फोटो सरळ व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हूबहू ऐसीच चाहिए. दाम जो बोलो.'

अर्ध्या तासात फोन! रायपूरहून. आवाज तरुण, उत्साही.

"भाईसाहब, आपका माल मेरे सामने रखा है."

"हूबहू?"

"अरे, एकदम हूबहू! आपके फोटो में किनारे पर जो छोटा दाग है न, इसमें वो भी है!"

आता तुम्ही शहाणी माणसं. तुमच्या मनात इथंच काहीतरी खटकलं असेल. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? मी बायकोला म्हटलं, "बघ, याला म्हणतात विलायती कारखाना! डागसुद्धा सारखा पाडतात!"

सात हजार मागितले. मी घासाघीस करून थोडे उतरवले आणि पैसे पाठवून मोकळा झालो. लगेच रफिकभाईला फोन. "आप आराम करो रफिकभाई. हमने माल उठा लिया."

"कहाँ से उठाया सेठ?"

"वो धंदे का राज़ है."

लग्नाला चार दिवस असताना काच आली. मी ती लाल फडक्यात बांधली, नवी पॅन्ट घातली आणि गुलाबला घेऊन शहापूर गाठलं. अंगणात पाहुण्यांची गर्दी. नात होती, व्याह्यांकडची दोन माणसं होती. मी मुद्दाम सगळ्यांसमोर फडकं सोडलं. काच उन्हात लखलखली. कोणीतरी टाळी वाजवली. मी छाती काढून सांगितलं, "रायपूरहून उचलली. अख्ख्या मध्य भारतात एकच होती."

हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं.

गुलाबनं काच डाव्या दिव्याला लावली. काढली. परत लावली.

"शेठ, हे तं बसूनच नाई राहिलं."

"उलटी करून लाव."

"उलटी केली तं टोक वर जाते. गाडी भिवई चढवून पाह्यते असं वाटते."

"मग थोडी ठोक."

"काच हाये शेठ, टायर नाई."

घाम माझा निघत होता. बाई इतका वेळ खुर्चीत बसून पाहत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "गुलाब, ती उजवीकडं लावून पाहा बरं."

उजवीकडं काच अशी बसली जणू घरी आली.

मी धीर गोळा करून म्हटलं, "चला! म्हणजे उजवी तर मिळाली!"

"भाऊ, उजवी माझ्याकडं होतीच. तुम्ही नेली होती." बाईंनी चष्मा लावला आणि काचेच्या कडेवर बोट ठेवलं. "आणि ही तीच आहे."

"असं कसं बाई? ही रायपूरची. नवाकोरा माल!"

"हा हिरवा डाग पाहा. साहेबांनी गेट रंगवलं तेव्हा उडालेला. किती वर्षं नखानं खरवडतेय मी."

"कारखान्यातच पडला असेल..."

"कारखान्यानं आमचं गेट रंगवलं का हो, भाऊ?"

व्याह्यांकडचा एक गृहस्थ तोंडात उपरणं कोंबून गोठ्यामागं गेला. गुलाब तेवढ्यात म्हणाला, "बाई, चपला घेताना बी शेठ दोन्ही उजव्याच घेत असन."

रायपूरला फोन लावला. उलगडा झाला. रफिकभाईनं नमुना ज्या दुकानात पाठवला होता त्याचा मालक गावाला गेलेला. दुकानावर बसला होता त्याचा मेहुणा. त्याला नमुन्याबद्दल काय ठाऊक? त्यानं ग्रुपवर मी टाकलेला फोटो पाहिला, समोर फळीवर तशीच काच पाहिली आणि इमानेइतबारे मला विकली. पोराचा काय दोष? पैसे त्यानं लगेच परत केले. वरून विचारलं, "भाईसाहब, वो काँच वापस कब भेज रहे हो? जीजाजी का नमूना है, गुस्सा करेंगे."

पण हसण्यात वेळ गेला तर लग्न कोण थांबवणार? शब्द माझा होता, पाटी माझी होती, आणि डाव्या बाजूला अजून भोकच होतं. बाई हसत होत्या, पण नातीकडं पाहिलं की त्यांचं हसू मध्येच थांबायचं. ते मला बघवेना.

एकच माणूस उरला होता. लाज गिळली आणि सगळ्यांसमोर फोन लावला.

"रफिकभाई, गलती हो गई. हमको लेफ्ट चाहिए थी. नमुना राइट का भेजा."

तो म्हणाला, "सेठ, लेफ्ट तो मेरी अलमारी में पहले दिन से पड़ी है."

"क्या?"

"वही तो पूछ रहा था मैं, कि सेठ, सही में राइट ही चाहिए न? आपने बोला, पूछो मत, ढूँढो. तो ढूँढ रहा था."

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं काच आली. गोधडी माझीच होती, धुऊन पाठवली होती. गुलाबनं दोन मिनिटांत बसवली. या वेळी मी एक शब्द बोललो नाही, पेचकस धरून उभा राहिलो.

लग्न लाखनीच्या हॉलवर होतं. भर दुपारी ती पेजेच्या रंगाची गाडी हायवेवरून आली. सुकाणूवर डॉक्टरीणबाई, बाजूला नवरी, आणि बाईंनी टळटळीत उन्हात दोन्ही दिवे पेटवलेले! ट्रकवाले बाजू देऊन उभे राहिले. खरं सांगतो, तीस वर्षांत हजारो गाड्या माझ्या मालानं चालल्या, पण छाती अशी कधी भरून आली नव्हती. माझा शब्द रस्त्यानं चालत येत होता ना!

हॉलच्या दारात बाई उतरल्या. व्याह्यांनी विचारलं, "एवढ्या जुन्या गाडीला या काचा शोधल्या कोणी?"

मी हळूच पुढं सरकलो. कॉलर नीट केली.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डावी नागपूरच्या रफिकभाईंनी दिली. आणि उजवी या आमच्या मनोहरभाऊंनी, माझ्याच गाडीतून शोधून काढली!"

हॉल हसला. मीही हसलो. काय करता?

आता तुम्ही इथून उठाल आणि ही गोष्ट चार ठिकाणी सांगाल. सांगा, माझी ना नाही. फक्त हिशोब इमानदारीनं ठेवा. काच रफिकभाईच्या नावावर लिहा, हात गुलाबच्या, नजर बाईंच्या. घोळ मात्र अख्खा माझ्या खात्यावर घ्या, त्यातला चार आण्याचाही वाटा त्या रायपूरच्या पोराला देऊ नका. एवढा मोठा घोळ एकट्यानं करणारा लाखनीत दुसरा दुकानदार असेल, तर त्याचा नमुना आणून दाखवा!