दोन बोल्ट

घराबाहेर पडताना हवालदार दाराला लावलेली कडी पुन्हा एकदा काढायचे. वर, मागे. आत डोकावून म्हणायचे, "रिकामं आहे." मग पुढे, खाली. एकट्या माणसाचं घर ते, रिकामंच असणार.

मुलांनो, तळमजल्यावरचे हवालदार तुम्हाला आठवत असतील. तुम्ही सुट्टीत दादरला आलात की तुमच्या बॅगाही ते तशाच तपासायचे. "आधी बघायचं, मग हात लावायचा," हे त्यांचं सगळ्याला एकच उत्तर. पोलिसांच्या शस्त्रागारात त्यांनी उभी नोकरी थ्री-नॉट-थ्री रायफली सांभाळण्यात घालवली होती.

ती रायफल इंग्रजांची. महायुद्धं पाहून ती आपल्या लष्करात आली, लष्कराला नवी मिळाली तशी पोलिसांकडे. हवालदार ही हकिगत घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईची सांगावी तशी सांगायचे. एका रायफलीच्या लाकडावर कुणा जुन्या शिपायाने दोन इंग्रजी अक्षरं कोरली होती. त्याचं नाव काय असेल, असं ते मला दर वेळी विचारत. मला कुठून माहीत असणार?

गोळी आत सरकवून नळी मागून बंद करणारा लोखंडी दांडा म्हणजे बोल्ट. त्याची मूठ वर करून मागे ओढली की नळी उघडते, आत रिकामी आहे का ते दिसतं; पुढे सारून खाली दाबली की बंद. प्रत्येक रायफलीचा बोल्ट तिचा तिचा. दोन्हींवर नंबर एकच. एकीचा दुसरीत जातो, पण नीट बसेलच असं नाही; न बसला तर बार मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर फुटू शकतो.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी दोन रायफली पुसायला घेतल्या होत्या. त्यातली एक ती अक्षरंवाली. तेवढ्यात हारतुऱ्यांसाठी हाक आली. त्यांनी घाईने बोल्ट घातले आणि गेले. महिन्याभराने चहा गाळताना त्यांना आठवलं, की आपण नंबर वाचलेच नव्हते.

"वहिनी, इंग्रजीत एक अर्ज लिहून द्या."

मी म्हटलं, मराठीत चालेल की.

"मराठीतला आमचीच माणसं वाचतील आणि हसतील."

बोल्ट बरोबरही बसले असतील, असं मी समजावलं.

"असतीलही. पण मी बघितलं नाही. आणि ती कुणाच्या तरी गालाशी लागून असते, वहिनी."

त्या दोन रायफलींचे नंबर तपासा, असे साहेबांना तीन अर्ज लिहिले. प्रती अजून माझ्या फायलीत आहेत. उत्तर आलं नाही. शेवटी ते स्वतः शस्त्रागारात गेले. तिथल्या पोरांनी चहा पाजला आणि म्हटलं, "काका, आता ती चालवतंय कोण?" त्यानंतर दोन दिवस ते वर आले नाहीत. मी डबा पाठवला, तो धुऊन परत आला.

पुढे जुन्या रायफली मोडीत निघाल्याची बातमी पेपरात आली. पेपरची घडी हातात घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले.

"वितळवतील ना? दोघींना, बोल्टसकट?"

मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते सांगू नये, असं तुमच्या आईला मी लहानपणापासून बजावत आले आहे.

"हो," मी म्हटलं. "सगळ्या एकाच भट्टीत."

ते पेपर काखेत घालून वळले. "मग कुणाचा कुठला, हा प्रश्नच नाही," असं म्हणाले आणि सावकाश जिना उतरले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मुलगी नाशिकहून आली, सामान आवरलं, दाराला कुलूप लावून गेली.

हल्ली भाजीला निघाले, की मी लावलेली कडी पुन्हा काढते. वर, मागे. आत डोकावते. मग पुढे, खाली.