अनसाचं फडकं

अनसा पाणी गाळायची आणि ते ओलं फडकं तसंच हातात घेऊन परत बारवेवर जायची. पायऱ्या उतरून खाली जायची, फडकं उलटं करून पाण्यात खळबळायची, मग वर यायची. नुसतं फडकं खळबळायला एवढी उतर-चढ. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाली, "गाळताना बारीक जीव अडकत्यात. त्यांचं घर पाण्यात हाय. जिथलं तिथं सोडाया नगं?"

मी हसलो. गावही हसला.

अनसा माझी बायको. गेल्या फाल्गुनात गेली. साठाच्या वर वर्षं आम्ही एका चुलीवरचं खाल्लं. आता चूल कुठली, शेगडी आहे, पण तीही पेटवावीशी वाटत नाही.

तिचं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठावर. तिथं ऊस, हळद, गुऱ्हाळं, मुलींची शाळा. आजारी पडलं तर सांगलीत दवाखाना. शेजारी एका जैन शेतकऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या पद्माक्काच्या हाताखाली ही वाढली. पाणी गाळायचं वळण तिथलं. त्यांच्यात जीवदया म्हणून गाळतात. हिच्या ते अंगवळणी पडलं. मराठी पाचवी पास होती. कृष्णेत पोहायची. अशी पोरगी कवठे महांकाळच्या पलीकडं माळावर आमच्या गावात आली, कारण मी पलटणीत होतो, पगारी होतो, आणि तिच्या बापाला चार मुली होत्या.

आमच्याकडं पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर कुसळं. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर आला तर. साऱ्या गावाला पाणी एका बारवेचं. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरायचं आणि घागर बुडवायची. आणि गावात नारू. हल्लीच्या पोरांना नारू माहीत नाही. दोऱ्यासारखा लांब किडा असतो. पायाला फोड येतो, फुटतो, त्यातनं तो बाहेर येतो. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, महिनाभर. ऐन पेरणीत घरटी एक माणूस खाटेवर असायचं. फोडाची आग व्हायची म्हणून माणसं त्याच बारवेत पाय सोडून बसायची. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. पडसं होतं तसा नारू होतो, एवढंच कळायचं.

अनसाला वाटायचं. पहिल्याच उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "आवं, आमच्या गावात नारू झालेला एक माणूस म्या बघितला न्हाई. मधी तीस मैल हायती. देव काय तीस मैलांवर बदलतो व्हय?"

मी म्हणालो, "तुझं माहेर लय मोठं. मग आलीस कशाला?"

ती म्हणाली, "तुमी आनलं म्हनून आले. आता पानी तरी गाळून पिऊ द्या."

तिचं बोलणं असं होतं. भांडायची नाही. एक वाक्य टाकायची आणि कामाला लागायची. ते वाक्य मागनं मला कुसळासारखं टोचत राहायचं. "मधी तीस मैल हायती" हे तर तिच्या तोंडात बसलं होतं. माहेराहून आली की म्हणायची, दादाची पोरं आपल्या पोरांपेक्षा वीतभर उंच हायती, मधी तीस मैल हायती. गावात एखादी बाळंतीण गेली की चुलीपुढं बसून तेच म्हणायची. पण मग हलक्या आवाजात.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मी लांब, ती माझ्या आईपाशी. गावातल्या साऱ्या शिपायांच्या बायका तिच्याकडनं पत्रं लिहून घ्यायच्या. त्यांची कामं झाली की ती मला लिहायची. पत्रात प्रेमबीम काही नसायचं. आमची लेक शालन चालायला लागली, म्हैस आटली, औंदा नारू कुणाकुणाला झाला त्यांची नावं. शेवटी एक ओळ ठरलेली, "आपल्या घरात अजून कुणाला न्हाई. पानी गाळते."

लढाईच्या शेवटच्या वर्षी मी रजेवर आलो. बारवेजवळ लिंबाखाली माणसं बसली होती. त्यांतला एक, पायाला काडी बांधलेला, मला म्हणाला, "काय गड्या, तुज्या बायकूला आमचं पानी बाटगं वाटतं व्हय रं? रोज फडक्यात धरून बघती. काय सोनं सापडतंय का इचार की." बाकीचे हसले. घरी आलो तर आईनं तेच काढलं, "बारा पिढ्या ह्या पान्यावर जगल्या. हिला त्यात किडं दिसत्यात. मला बायकांत त्वांड दाखवाया जागा ठिवली न्हाई तुज्या बायकूनं."

त्याच वेळी अनसा घागर घेऊन दारात आली. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. अजून चार बायका रस्त्यावर उभ्या. मी उठलो, फडकं सोडलं, उंबऱ्यावर बसलो आणि त्यानं माझे पलटणीचे बूट पुसले. दोन्ही. सगळ्यांच्या देखत.

पलटणीत आमच्या पाण्याच्या टाकीत औषध घालायचे. उग्र वास यायचा. मी तीन वर्षं ते पाणी मुकाट प्यालो. साहेबाला कधी म्हणालो नाही की आमचं पाणी बाटगं आहे का. तिथं माझी जीभ उचलली नाही. घरी मात्र मी मर्द.

अनसानं फडकं उचललं. म्हणाली, "बूट पुसल्यालं आता घागरीवर बांधाया येत न्हाई." बस. दुसऱ्या दिवसापासनं तिनं गाळणं बंद केलं. मला वाटलं, जिंकलो.

लढाई सुटली. पुढच्या उन्हाळ्यात मी कायमचा घरी आलो, तेव्हा शालन साडेतीन वर्षांची होती. तिच्या डाव्या गुडघ्याला फोड आला.

अनसानं बाभळीची बारीक काडी केली, त्यावर तो दोरा गुंडाळला, आणि रोज बोटभर, रोज बोटभर ओढू लागली. पोरीला मांडीवर धरून गोष्टी सांगायची. नदीच्या गोष्टी. पोरीनं नदी एकदाच बघितली होती. पंधरा दिवस नीट गेले. सोळाव्या दिवशी अंगणात कोंबडीची पिल्लं आली आणि शालन उठून त्यांच्यामागं पळाली. दोरा तुटला. आतला आत राहिला. रात उलटायच्या आत गुडघा भोपळ्याएवढा झाला.

गाडी जुंपली. सांगलीला पोचायला दुसरा दिवस उजाडला. डॉक्टरनं चिरा दिला, पू काढला. पोरगी वाचली. पण म्हणाला, गुडघा असाच वाकडा राहणार. मग हात पुसत विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

अनसा म्हणाली, "बारवंचं."

"गाळून प्यायचं. फडकं दुहेरी करून. एवढंच केलं असतं, बाई, तर हे झालं नसतं."

मी भिंतीला टेकून उभा होतो. आता ती बोलणार, बुटांचं सांगणार, असं मला वाटलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "व्हय जी." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिनं लग्नातलं लुगडं काढलं, पदर फाडला, त्याची नवी फडकी केली. आईनं गुपचूप आपला तांब्या तिच्यापुढं सरकवला. पुढं शेजारणीही घागरी घेऊन येऊ लागल्या. अनसानं कुणाला टोमणा मारला नाही. एवढंच म्हणायची, "दुहेरी धर. एकेरी चालत न्हाई." शालनला तिनं माहेरी ठेवून शिकवलं. लंगडत का होईना, आमच्या गावची सातवी झालेली पहिली मुलगी ती.

पण त्या दिवसापासनं फडकं माझ्या हातात तिनं कधी दिलं नाही. तापानं फणफणली असली तरी उठायची. मी हात पुढं केला की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. मी हाय न्हवं." रागानं नाही, अगदी सहज. पोराच्या हातातनं विळा काढून घ्यावा तसं. माफी मागायचं मी किती वेळा ठरवलं. जमलं नाही. आपल्याकडं बायकोची माफी कशी मागतात, ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

म्हातारपणी गावात कृष्णेचं पाणी पाइपातनं आलं. तीस मैल यायला त्याला आमची सारी हयात लागली. पहिल्या दिवशी अनसा नळापाशी बसून राहिली, पाणी हातावर घेत. म्हणाली, "माजं माहेर आलं बगा." आणि तेही गाळून घेतलं. बारव बुजली होती, म्हणून फडकं धुतलेलं पाणी परसातल्या लिंबाला घालायची आणि म्हणायची, "हितं काय खरं न्हाई. जिथलं तिथं जायाला पायजे."

फाल्गुनात ती उठेना. सकाळी नळ आला. शालन शेजारी बसली होती, ती उठायला लागली, तर अनसानं तिला हातानं थांबवलं. उशाखालनं घडी केलेलं फडकं काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

मी घेतलं. घागरीवर टाकलं. एकेरीच.

ती म्हणाली, "दुहेरी करा."

दुहेरी केलं. गाळलं. तांब्या तिच्या तोंडाला लावला, तेव्हा दोन घोट प्याली. तिसऱ्या दिवशी गेली.

रक्षा घेऊन आम्ही तिच्या माहेरच्या घाटावर गेलो. रक्षा सोडली. मग मी खिशातनं ते फडकं काढलं, पाण्यात उतरलो, उलटं केलं आणि खळबळलं. शालन वरच्या पायरीवर वाकडा पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "आबा, झालं असंल आता. चला."

मी म्हणालो, "थांब गं. अजून एकदा."