मंदाताईंची तीन ठिकाणची एक यादी

मंदाताई गेल्याची बातमी मला रिक्षावाल्या रफिकभाईंनी फोनवर दिली. मंगळवारची सकाळ होती. राहनाळच्या गोदामात मी नुकतीच टेबलाशी बसले होते. "सुमनमॅडम, मंदाताई नहीं रहीं... झोपेतच गेल्या," ते म्हणाले. मग लगेच पुढे, "तारेकाकांना डायलिसिसला नेतोय. पोहोचवतो और फिर ताईंच्या घरी येतो." त्या दिवशी यादीत पेशंटना दवाखान्यात नेण्याच्या तीन फेऱ्या होत्या. तिन्ही झाल्या. आज सहा आठवड्यांनी लिहायला बसल्यावर सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं.

मंदाताई भोईर आमच्या गोदामात माल पाठवण्याचं वेळापत्रक सांभाळायच्या. घर कामतघरला. त्यांचे यजमान चार वर्षं डायलिसिसवर होते. त्यांच्यासोबत आठवड्यातून तीनदा दवाखान्यात बसून ताईंनी एक गोष्ट पाहिली होती. मशीन असतं, डॉक्टर असतात, पण आणायला कुणी नाही म्हणून माणसं येतच नाहीत. कुणाचा मुलगा कापडाच्या लूमवर शिफ्टला, कुणाच्या घरात कुणीच नाही. यजमान गेल्यावर ताईंनी त्या दवाखान्याचं तोंडही पाहिलं नसतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण महिन्याभरात त्या पुन्हा तिथे गेल्या, पेशंटची नावं आणि पत्ते विचारायला. रफिकभाई आणि त्यांच्या ओळखीचे चार रिक्षावाले तयार झाले. कुणाला, कुठल्या दिवशी, कोण नेणार आणि सोबत कोण बसणार, हे सगळं ताई कॉम्प्युटरवर कामांची यादी ठेवायच्या एका ॲपमध्ये लिहायच्या. ते ॲप ऑफिसातही होतं, घरीही. घोळ तिथेच होता. ऑफिसात केलेला बदल घरच्या यादीत दिसायचा नाही. तो आठवणीने पुन्हा लिहावा लागायचा.

एकदा तो राहिला. तारेकाकांचा एक दिवस बुधवारऐवजी मंगळवार झाला होता. तसं ऑफिसात लिहिलं, पण रिक्षा ठरवली घरची यादी बघून. मंगळवारी काका धुतलेला शर्ट घालून दोन तास दारात उभे राहिले... रिक्षा आलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, दवाखान्यात दाखल करावं लागलं. चार दिवसांनी घरी आले, पण ते चार दिवस ताई जेवल्या नाहीत. "माझ्या एका कॉम्प्युटरनं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरंच," त्या मला म्हणाल्या. "मानूस जाईल गो अशानं. यादी एकच पायजे."

मग त्या या एका यादीच्या मागेच लागल्या. ॲप आपली सगळी माहिती कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरमध्ये ठेवतं, हे त्यांनी शोधून काढलं. तो फोल्डर उचलून क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या, साठवणीत ठेवला आणि दोन्हीकडच्या ॲपना सांगितलं, इथेच बघा. आधी फजिती झाली. दोन्हीकडे ॲप एकाच वेळी उघडं राहिलं की यादीच्या दोन प्रती व्हायच्या, कुठली खरी ते कळायचं नाही. तेव्हा ताईंनी नियम केला. इथलं बंद करायचं, फोल्डरवर सगळं वर पोचल्याची हिरवी खूण येईपर्यंत थांबायचं, फोन करायचा, मगच तिकडचं उघडायचं. "खूण आल्याबिगर खुर्चीवरनं उठायचं न्हाय," हे आमच्या मॅनेजरनाही ऐकावं लागलं.

पहिल्या खऱ्या परीक्षेला त्यांनी मला कामतघरला पाठवलं आणि ऑफिसातून फोन केला. "उघड आता. काय दिसतंय?"

"तारेकाका, गुरुवार, सकाळी आठ."

"अगो, तो गुरुवार मी आत्ता लिव्हला हाय, आत्ता!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की मागे हमालांचं हसणं मला फोनवर ऐकू आलं. परत आले तर त्यांनी सगळ्या गोदामाला चहा पाजला होता.

पुढे तिसरा कॉम्प्युटर जोडला, निजामपुऱ्यात रफिकभाईंच्या घरी. त्यांची मुलगी सलमा यादी वाचून रिक्षावाल्यांना सांगू लागली. एकदा यादीत बदल करताना माझ्या हातून एक अख्खा आठवडा पुसला गेला आणि तो तिन्ही ठिकाणांहून नाहीसा झाला. मी रडायच्या बेतात होते. ताई शांतपणे म्हणाल्या, "सगळीकडं दिसतं, तसं सगळीकडनं पुसतं बी." दर शनिवारी त्या यादीची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी काढून ठेवायच्या, हे मला तेव्हा कळलं. अर्ध्या तासात आठवडा जागेवर आला. नंतर पावसाळ्यात ऑफिसचा कॉम्प्युटर पाणी शिरून कायमचा गेला, तेव्हा तर कुणी घाबरलंसुद्धा नाही. नव्यावर ॲप टाकलं, फोल्डर दाखवला, आणि तेवीस पेशंटची नावं एकेक करून वर आली.

ताईंची सून प्रणाली आता कामतघरची बाजू बघते. मागच्या बुधवारी सकाळी मी यादी उघडली, तर आदल्या संध्याकाळी तिने घातलेलं एक नवं नाव दिसलं. एक बाई, राहनाळच्याच, पहिलंच डायलिसिस. रिक्षाची जागा रिकामी होती. सोबतीच्या जागी मी माझं नाव लिहिलं, यादी बंद केली आणि सलमाला फोन केला. दुपारी उघडली तर रिक्षासमोर रफिकभाईंचं नाव आलं होतं.

गुरुवारी आम्ही त्या बाईंना घेऊन निघालो. घाबरल्या होत्या, माझा हात सोडत नव्हत्या. दवाखान्याच्या दारात उतरताना त्यांनी विचारलं, "ताई, ही गाडी कोनी पाठवली?"

मी काही बोलायच्या आत रफिकभाईच म्हणाले, "मंदाताईंनी."