नरसिंगानं दोर का कापला

केवळाबाई लग्न होऊन उंबरदऱ्याला आली, त्याच महिन्यात तिनं अख्खा मांडव गप्प केला.

शेजारच्या घरी हळद होती. नवी सून लोह्याकडची, गळा चांगला, हे सोयऱ्याधायऱ्यांकडून आधीच गावात पोचलं होतं. बायकांनी तिला मधोमध बसवलं आणि गा म्हणाल्या. केवळानं तिच्या माहेरी सगळ्यांना आवडणारं गाणं उचललं, महादेवीचं. पहिल्या दोन कडव्यांना टाळ्या होत्या. मग एकेक हात थांबत गेला. केवळाला वाटलं, बायका गहिवरल्या. तिनं आवाज आणखी चढवला:

हिरवा माझा चुडा भरला कासारानं,
दोर गं कापिला पाठच्या नरसिंगानं.

सासू, रुक्मिणबाई, जागची उठली. सुनेचं कोपर धरून तिला मांडवाबाहेर आणलं. तशीच घरापर्यंत नेली. दारात म्हणाली, "दुसरं काहीबी गा. हे गाणं ह्या घरात न्हाई."

का, ते नवऱ्यानं सांगितलं. रामकिशन गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. मान वर न करता तो म्हणाला की गाण्यातली महादेवी त्याची सख्खी आत्या, गाण्यातली बारव आपल्याच वावराच्या बांधाची आणि नरसिंग म्हणजे ओट्यावर तंबाखू मळत बसलेला केवळाचा सासरा.

केवळाच्या माहेरी कुणाला याचा पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी ती जुन्या काळातली, कुठल्यातरी गावची गोष्ट होती. महादेवी ही खात्यापित्या घरची पोर. गावोगाव बांगड्या विकत फिरणाऱ्या वैजनाथ कासारावर तिचा जीव जडला. भावांनी तिला घरात कोंडलं. एका पहाटे पाणी आणायला म्हणून ती सुटली, मोटेचा दोर धरून बारवेत उतरायला गेली आणि धाकट्या भावानं वरून दोर कापला. कासारानं मग तिच्या मागं उडी घेतली आणि पाण्यावर हिरव्या बांगड्या तरंगल्या. एवढंच गाणं. उंबरदऱ्याच्या जत्रेला आलेल्या कुण्या गोंधळ्यानं ते पहिल्यांदा म्हटलं म्हणतात. त्याच्याकडून ते जात्यावर गेलं, जात्यावरून हळदीच्या मांडवात. मग बँडवाल्यांनी उचललं आणि नवरी निघताना वाजवायचं ठरून गेलं. नांदेडात त्याची कॅसेट निघाली. आता डीजेवर त्याच्या पहिल्या दोन ओळी घुमतात आणि पोरं नाचतात. ट्रकच्या पाठीमागं 'हिरवा माझा चुडा' रंगवलेलं असतं. आसपासच्या गावांतल्या नवऱ्या सासरी जाताना वाट वाकडी करून येतात, एक बांगडी त्या बारवेत टाकतात आणि मगच गाडीत बसतात.

आणि त्या पट्ट्यात कुणी आपल्या पोराचं नाव नरसिंग ठेवत नाही.

रामकिशन अहमदपूरला शाळेत होता तेव्हा पोरं त्याच्या दप्तराचा बंद कापायची आणि गाणं म्हणायची. त्यानं सातवीत शाळा सोडली. लग्नात, जत्रेत, हॉटेलात, कुठंही ते गाणं लागलं की तो उठून चालू लागायचा. बापाला त्यानं कधी विचारलं नाही आणि बाप कधी काही बोलला नाही.

केवळाला सासऱ्याचं कोडं मात्र सुटेना. गाण्यातला नरसिंग काळ्या काळजाचा होता. घरातला नरसिंग नातीचे पाय दुखले की तिला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचा. सून बाळंतपणाला माहेरी निघाली तर एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभा राहायचा. पंचमीला पोरीबाळी झोका बांधायला आल्या की लिंबाच्या झाडावर चढून गाठ स्वतः मारायचा आणि ती पक्की बसली का ते स्वतः झोक्यावर बसून बघायचा. अशा माणसानं बहिणीचा दोर कापला असेल? केवळाला ते पटत नव्हतं. पण विचारायचं कुणाला? तिनं गाणं सोडलं. आधी ते एक सोडलं, मग हळूहळू सगळंच. नरसिंग म्हातारा होऊन गेला. त्याच्या मातीला भावकीतलीही निम्मी माणसं आली नाहीत.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. तीनेक वर्षांमागं, ज्वारीची काढणी चालू असताना, पांढऱ्या मिशांचा एक माणूस फाट्यावर उतरून चालत आला आणि नरसिंगरावांचं घर विचारू लागला. औरादहून आलो म्हणाला, कर्नाटकातल्या. नाव विरूपाक्ष. हातात कापडाची पिशवी होती. केवळानं पाणी दिलं आणि सांगितलं की मामा जाऊन लई वर्षं झाली. सासू-सासऱ्यांना ती मामा-मामीच म्हणायची.

विरूपाक्षानं तांब्या न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, "मला उशीर झाला. अव्वानं जाताना सांगितलं होतं, मामाला भेटून ये. मी आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो."

कोण अव्वा, असं केवळानं विचारलं.

"माझी आई. महादेवी."

केवळाला आधी वाटलं, नावात नाव. पण आतून रुक्मिणबाई भिंतीला धरून बाहेर आली होती. तिनं त्या माणसाच्या तोंडाकडं पाहिलं, त्याच्याजवळ खाली बसली आणि विचारलं, "कधी गेल्या वन्सं?"

वन्सं. म्हणजे नणंद. सासूला सगळं ठाऊक होतं तर.

विरूपाक्षानं सांगितलं की आई म्हातारी होऊन, आजारी पडून, आपल्या घरात, सगळ्या लेकरानातवंडांसमोर गेली. बाप वैजनाथ तिच्या आधी गेला. बांगड्यांचं दुकान अजून चालू आहे. सीमेवरचं गाव, तिथंही लग्नात हे गाणं लागायचंच. आई ते ऐकत बसायची, सोबत गुणगुणायचीसुद्धा. स्वतःच्या मरणाचं गाणं म्हणताना हसायची. नरसिंगाची ओळ जवळ आली की मात्र पदर सावरून उठायची आणि बाहेर जाऊन उभी राहायची. मुलांना वाटायचं, तिला गर्दी सोसत नाही. खरं कारण तिनं शेवटच्या दुखण्यात सांगितलं. पिशवीतून त्यानं धोतरजोडी काढली. भावासाठी आईनं घेऊन ठेवलेली.

मग रुक्मिणबाई बोलली. रामकिशनलाही वावरातून बोलावून घेतलं, कारण एकदाच सांगणार होती.

महादेवीला कोंडून ठेवलं होतं ते थोरल्या भावानं, रामलिंगनं. तोच गावचा पोलीस पाटील. पोरीला जित्ती सोडायची नाही, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. नरसिंग तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्यानं पहाटे बहिणीला काढलं, तिची घागर आणि फुटक्या बांगड्या बारवेत टाकल्या, मोटेचा दोर विळ्यानं कापला आणि उभ्या ज्वारीतून तिला घेऊन उदगीरच्या वाटेनं चालू लागला. पुढं ठरल्या जागी वैजनाथ उभा होता. परत येऊन त्यानं बोंब ठोकली की दोर तुटला, महादेवी बुडाली. पाऊसकाळ चांगला झालेला, बारवेला खोल पाणी होतं. रामलिंगनं शोध घेतल्यासारखा केला आणि सोडून दिला.

"पन रामलिंगभावजींनी दोर बघितला," रुक्मिणबाई म्हणाली. "तुटलेला दोर आन् कापलेला दोर कळतोच की. त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हनले, शाबास. आमच्यापरीस तू मर्द निघालास. आता हे काय बोलनार? खरं सांगितलं तर ते कुऱ्हाड घिऊन उदगीरला गेले असते."

गावाला ते थोरल्याच्या तोंडूनच कळलं. तो मिरवून सांगायचा. पुढच्या जत्रेला गोंधळ्यानं गाणं बांधलं.

रामलिंग दीर्घायुषी निघाला. तो असेपर्यंत बोलायची सोय नव्हती. तो गेला तोवर गाणं सगळीकडं पसरलं होतं आणि तिकडं महादेवीचा संसार वेगळ्या ओळखीवर उभा होता. रुक्मिणबाईची पहिली मुलगी जन्मताच गेली तेव्हा बायका तोंडावर म्हणाल्या, नवऱ्याचं पाप भोवलं. त्या दिवशी नरसिंगानं बायकोला खरं सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाला. तिनं सांगितलं नाही.

रामकिशन सगळं ऐकून उठला आणि परसात गेला. हातपाय धुतले, तरी पाणी ओतत राहिला. संध्याकाळी तो आईवर चिडला, तोही दबक्या आवाजात. इतकी वर्षं मला तरी सांगायचं, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विरूपाक्षाला फाट्यावर सोडून येताना केवळानं मनाशी ठरवून टाकलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं की ती गाणार. महादेवीचंच गाणं, पण शेवट खरा लावून.

रामकिशन नको म्हणाला. गेलेला माणूस गेला, आता गावाचं तोंड कशाला उघडायचं? कुणी विश्वास ठेवणार नाही, उलट म्हणतील बापाचं पाप बायकोकडून धुऊन घेतो.

"म्हनू द्या," केवळा म्हणाली. "मामांनी ऐकून घेतलं ते आत्यांसाठी. आता आत्याबी न्हाईत. मग आपन कुनासाठी ऐकून घ्यायचं?"

रामकिशन पुन्हा विरोधात बोलला नाही, पण सोबतही आला नाही.

आवाज बसलेला होता. केवळा पहाटे वावरात जाऊन गळा मोकळा करायची. शब्द जुळवायला तिला फार दिवस लागले नाहीत. दोर कापिला ही ओळ तिनं मोडली नाही. ती खरीच होती. तिनं फक्त पुढं बांधलं:

दोर गं कापिला, वाट मोकळी केली,
पाठच्या भावानं बहीण नांदाया धाडली.

पहिल्यांदा ती हे उंबरदऱ्यातच गायली, पुतणी बबिताच्या हळदीला. जुन्या बायका भडकल्या. चांगलं गाणं नासवलं म्हणाल्या. एकीनं विचारलं, मेल्याबिगर का गाणं असतं? तरण्या पोरींना प्रश्न वेगळाच पडला. आता बारवेत बांगडी टाकायची का नाही? केवळा म्हणाली, "टाका की. पन ती मेली म्हनून नगं. सुटली म्हनून टाका."

अहमदपूरच्या एका लग्नात लोकांनी ऐकून घेतलं आणि विसरून गेले. मुरुडला तिला बहिणीच्या नात्यातल्यांनी बोलावलं होतं. नवा शेवट सुरू होताच नवरदेवाच्या मित्रांनी माईक काढून घेतला आणि डीजे लावला. त्याच दोन ओळी धडधडू लागल्या. केवळा खुर्चीवर बसून राहिली. डीजे थांबल्यावर उठली आणि माईकशिवाय, समोर होत्या तेवढ्या बायकांना, गाणं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. लोह्याच्या बँडमास्तरानं तिला समजावलं. मावशी, म्हणाला, नवरी निघताना मांडवाला रडायचं असतं, तुमच्या गाण्यानं रडू येत नाही. केवळानं त्याला नरसिंगाची सगळी हकीकत सांगितली. मास्तर शेवटी नाक ओढत म्हणाला की गोष्टीनं रडू येतं, पण क्लॅरिनेटवर गोष्ट कशी वाजवायची?

ते तिला लागलं आणि उपयोगीही पडलं. तेव्हापासून ती आधी गोष्ट सांगू लागली, मग गाणं.

पुढच्या साली लोह्याच्या जत्रेत बायकांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. केवळा माहेरवाशीण, म्हणून तिचं नाव घातलं. मंडपात माणसं मावत नव्हती. ती उभी राहिली तसं मागून कुणीतरी ओरडलं, जुनंच म्हणा बाई. ती थांबली. गोष्ट सुरू करणार तेवढ्यात तिला बाजूच्या कनातीतून रामकिशन आत येताना दिसला. विरूपाक्षानं आणलेलं धोतर नेसला होता. ज्या गाण्याला तो जन्मभर उठून गेला, त्या गाण्याला तो पुढच्या रांगेत जागा करून, मांडी घालून बसला.

केवळाचा आवाज पहिल्या वाक्याला फुटला. दुसऱ्याला सावरला. तिनं रामलिंगची थाप सांगितली, ती शाबासकी सांगितली, मातीला न आलेली माणसं सांगितली. मंडप हलला नाही. मग ती गायली. दोर कापल्याच्या ओळीला सगळ्यांच्या नजरा रामकिशनवर होत्या, कारण तो नरसिंगाचा मुलगा आहे हे तिनं नुकतंच सांगितलं होतं. तो खाली बघत नव्हता. पुढची ओळ आली तेव्हा त्यानं टाळीचा ठेका धरला, बेताल, जन्मात कधी न धरलेला. शेजारच्या माणसानं त्याच्यात आपली टाळी मिळवली.

कार्यक्रम झाल्यावर म्हातारी माणसं येऊन रामकिशनला भेटत होती. हातात हात घेत आणि निघून जात.

म्हणून जुनं गाणं थांबलं, असं नाही. डीजेवर आजही तेच वाजतं, बँडमास्तरही तेच वाजवतो. रुक्मिणबाई गेल्या साली गेली. तिच्या मातीला मात्र अख्खा उंबरदरा होता. आणि पंधरा-वीस गावांतल्या हळदीत आता शेवट केवळाचा म्हणतात.

परवा उदगीरला एका लग्नात केवळा पाहुणी म्हणून गेली होती. तिला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. बायका महादेवीचं गाणं म्हणत होत्या आणि नवा शेवट आला. केवळा खूश होऊन सरसावली. पण त्या बायकांच्या गाण्यात नरसिंगानं बहिणीला पांढऱ्या घोड्यावर बसवून नेलं होतं. वर घोड्याच्या गळ्यात घुंगरं होती.

केवळानं हात वर करून गाणं थांबवलं.

"घोडा नव्हता, माय," ती म्हणाली. "चालत गेले दोघं. ज्वारीतून. अनवाणी."

बायकांनी या कोण म्हणून एकमेकींकडं पाहिलं. एक म्हणाली, घोडा बरा वाटतो की.

"वाटंल. पन नव्हता." केवळानं हळदीचं ताट बाजूला सरकवलं, मधोमध बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून घ्या. मी सांगते तसं."

बायकांनी पहिल्यापासून घेतलं.