साडूभाऊ रंग काढतात

जगात रंगाशी उभं वैर घेऊन जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. रंग म्हणजे होळीचा नव्हे, भिंतीचाही नव्हे; लोखंडावरचा. लोखंडाच्या वस्तूवर जुना रंग दिसला की साडूभाऊंच्या अंगठ्याचं नख शिवशिवायला लागतं. मंगल कार्यालयातली खुर्ची असो, बँकेतला कठडा असो, आधी नख लागणार, मग खालचा रंग कोणता होता ते जाहीर होणार. एकदा आमच्या एका नातेवाइकाला बघायला आम्ही दवाखान्यात गेलो. बिचारा सलाईन लावून पडलेला. साडूभाऊ उशाशी बसले, चौकशी केली, आणि बोलता बोलता खाटेचा पाय खरवडून मोकळे झाले. नर्स ओरडली तेव्हा ते पेशंटच्या हातावर थोपटत म्हणाले, "तुमचं काय न्हाई, दोन दिवसांत उठता. पण खाट लई जुनी हाय. तीन थर हायेत, सगळ्यात खाली पिवळा."

अंबडच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होताना त्यांनी सत्काराची शाल बायकोला दिली आणि प्रयोगशाळेतला जुना एप्रन स्वतःला ठेवला. हा एप्रन, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर पोहायचा चष्मा अशा अवतारात ते मागच्या अंगणात बसतात. (पोहता त्यांना येत नाही.) ब्रशनं वस्तूला रंग काढायचा रिमूव्हर फासतात आणि समोर उकिडवे बसून वाट बघतात. थोड्या वेळानं तळणीतल्या पुरीसारखा रंग टम्म फुगतो, आणि साडूभाऊ आनंदानं सगळ्या घराला हाका मारतात, "या, या, जल्दी या! फुगून राह्यलाय!" मग लोखंडी पत्रीनं खरवडायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, पॉलिश पेपर मारायचा, धुवायचं, पुसायचं, की लोखंड आरशासारखं लख्ख. इथपर्यंत त्यांच्यासारखा कारागीर जिल्ह्यात नाही. अडतं ते याच्या पुढे. यानंतर लाल प्रायमर आणि नवा रंग द्यायचा असतो, पण कोणता रंग द्यावा हे काही केल्या ठरत नाही. रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड दोन वर्षं त्यांच्या खिशात आहे. रंग ठरेपर्यंत गंज चढू नये म्हणून ते वस्तूला तेल लावून ठेवतात. त्यामुळे त्यांच्या घरचं फाटक, झोपाळा, खुर्च्या, कूलरचा स्टँड, सगळं उघडंबोडकं आणि तेलानं चकचकीत. पहिल्यांदा मी सासरकडची नवी पँट घालून तिथल्या खुर्चीवर बसलो आणि उठलो तो मागे खुर्चीचा नकाशा घेऊन. तेव्हापासून अंबडला जायचं म्हटलं की आमची ही मला कपाटातली सगळ्यात जुनी पँट काढून देते.

हे सगळं माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमची अक्का, हसून सोसत आली. तिची अट एकच. तिच्या लग्नातल्या कपाटाला हात लावायचा नाही. आमच्या सासऱ्यांनी ते हिरवं लोखंडी कपाट जालन्याहून आणलं होतं, आणि त्याच्या दारांच्या वरच्या पट्टीवर पांढऱ्या रंगानं स्वतः लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. सुशीला हीस सप्रेम भेट'. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं अक्षर म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

यंदा रामनवमीला अक्का शेजारणींबरोबर जांब समर्थला दोन दिवस गेली. साडूभाऊंना कपाटाच्या पायाशी गंज दिसला. चार बोटं पट्टा साफ करायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण खालचं लख्ख झालं तसं वरचं मळकट दिसायला लागलं. मग गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं, आणि संध्याकाळपर्यंत साडूभाऊ स्टुलावर. अक्षरांना मात्र त्यांनी जपलं. वर कागद लावला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. पण रिमूव्हर चिकटपट्टीखालून आत शिरला. सकाळी कागद काढला तर सासऱ्यांची ओळ सुरकुतली होती. त्यांनी हळूच बोट लावलं, आणि ती पापुद्रे होऊन फरशीवर पडली.

अक्का परत आली. कपाट बघितलं. हातातली पिशवी खालीसुद्धा न ठेवता तशीच माघारी फिरली आणि एसटीनं जालन्याला आमच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबांचं अक्षर होतं गं ते," एवढंच बहिणीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूभाऊ हजर. हातात पेढ्यांचा डबा. मला वाटलं, माफीचे पेढे असतील. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि त्यावर डबा उपडा केला. आत रंगाचे पापुद्रे. चिमट्यानं एकेक उचलून ते जुळवायला बसले. दुपारचं जेवण आम्ही खाली फरशीवर बसून केलं. दोनच्या सुमाराला ते ओरडले, "हे बघा, 'प्रे' सापडला! सप्रेममधला!"

अक्का पहिल्यांदाच जवळ आली. वाकून बघितलं. "त्यो हिरवा तुकडा हाय. बाबांनी पांढऱ्यानं लिव्हलं होतं," म्हणाली आणि आत निघून गेली.

साडूभाऊंनी चिमटा खाली ठेवला. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढता चढता ते थांबले आणि कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हणे, एक विचारू का? हिच्या नावातल्या 'सु'चा उकार पहिला का दुसरा?"

"पहिला. 'शी' दुसरी."

"बराबर," ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "कपाट वाळून राह्यलंय. तिला घेऊन या." अक्का तयार होईना. बहिणीनं समजूत घातली तेव्हा निघाली. घरी पोचलो तर साडूभाऊ दारातच उभे. एप्रनवर, कानांवर, भुवयांवर हिरवा रंग. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू रंगवून पूर्ण केली होती. कपाट हिरवंगार होतं, जागोजागी ओघळ होते, आणि दारांवर पांढऱ्या रंगात वीतवीतभर उंचीची अक्षरं होती. 'भेट' नाही, 'सप्रेम' नाही, नुसतं 'सुशीला'. डाव्या दारात मावेल असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला होता. 'सुशी' डावीकडे आणि 'ला' उजव्या दारावर. उजवं दार उघडलं की 'ला' निघून जायचा.

आमच्या हिनं तोंडाला पदर लावला. मी घाईघाईनं म्हणालो, "अक्का, जालन्याहून एखादा पेंटर आणतो. बाबांसारखंच लिहून देईल."

अक्का अक्षरांच्या जवळ जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "नको. छत्तीस वर्षं झाली, यांनी माझं नाव एकदाबी घेतलं न्हाई. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तव्हाबी खोकल्याचं निमित्त करून सुटले. 'ऐकून राह्यलीस का', बस. मला वाटायचं, ठाऊक तरी हाय का यांना." ती साडूभाऊंकडे वळली. "लिव्हलं न्हवं? मंग आता एकदा तोंडानं म्हणा."

साडूभाऊ हिरव्या रंगाखालून लाल झाले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, घसा खाकरला. "आधी वाळू तर दे," म्हणाले.

आम्ही चहा घेऊन निघालो. पायऱ्यांवर चपला घालताना आतून पुन्हा घसा खाकरल्याचा आवाज आला. आमची ही कान देऊन थांबली, तर मी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. साडूभाऊंनी त्या दिवशी नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

एसटीत आमची ही खिडकीशी बसून बाहेर बघत होती. जालना आलं. उतरायच्या वेळी मी तिला नावानं हाक मारली. ती दचकली, हातातली पिशवी सावरत माझ्याकडे बघायला लागली आणि घाबरून म्हणाली, "का हो? काय झालं?"