उलटं पाऊल

सकाळची गोळी घेतल्यावर ती चढेपर्यंत मी खिडकीपाशी बसून राहते. तेवढा वेळ अंग आपलं नसतं. उजवा हात आपापला नाचत असतो, आणि डोळे मिटले की लगेच स्वप्न सुरू होतं. पार्किन्सन झाल्यापासून मला इतकी लख्ख स्वप्नं पडतात की त्यांच्यापुढे जागेपणीचं नांदेड धुरकट वाटतं. स्वप्नात मी गोदावरीच्या घाटावरच्या पायऱ्या भराभर उतरते. पायऱ्या संपल्या तरी उतरतच राहते, गार पाणी घोट्याला लागतं, आणि पलीकडच्या काठावर माणसं माझी वाट बघत उभी असतात. त्यांचे चेहरे मला दिसत नाहीत, पण ओळख मात्र जुनी असते. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि मी खिडकीपाशी परत येते.

कुकर ह्यांनी लावलेला असतो. हे म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बोलतात कमी, पण बोलले की टोचतं. मी त्यांच्या उलट. माझी सगळी नोकरी टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये गेली. अर्ध्या नांदेडच्या कारकुनांची बोटं मी वळणावर आणली आहेत, आणि कागदावर खाडाखोड दिसली की माझा पारा चढायचा. आता माझंच बोट एका अक्षरावर टेकलं की तिथंच थरथरतं आणि पडद्यावर एका ‘म’च्या जागी ‘म’ची रांग उमटते. सुरुवातीला मी ती पुसत बसायची. मग म्हटलं, जाऊ दे, ज्याला वाचायचंय तो वाचेल.

ब्लॉग मी रागानं सुरू केला. या आजारात चेहरा हलेनासा होतो. लग्नाकार्यात बायका येऊन विचारायच्या, “बाई, तुम्ही रागावलात का?” नाही म्हणून सांगावं तर तेही रागावल्यासारख्याच तोंडानं. प्रत्येकीला समजावून सांगता सांगता मला खरोखरच राग यायला लागला. भाचीनं ब्लॉग काढून दिला आणि मी ठरवलं, एकदाच काय ते लिहून टाकू. बरेच दिवस तो कुणी वाचला नाही. मी लिहायची, हे चहा आणून ठेवायचे, आणि खिडकीतल्या कडुनिंबावरची खार तेवढी डोकावून जायची.

पाय चिकटतात, हे लिहिलं तेव्हापासून माणसं यायला लागली. नीट चालत असताना दाराशी आलं की माझे पाय फरशीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. समोर आडवी रेघ किंवा काही ओलांडण्यासारखं दिसलं की मात्र पाऊल आपोआप उचलतं. का, ते मला विचारू नका, डॉक्टरांनीही सांगितलं पण मला फारसं कळलं नाही. तर एक दिवस मी स्वयंपाकघराच्या दारात अशीच खांबासारखी उभी राहिले, तेव्हा ह्यांनी स्वतःचा पाय माझ्या पायांसमोर आडवा धरला आणि म्हणाले, “ओलांड.”

मी म्हटलं, “नवऱ्याला ओलांडू? माणसाला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते.”

“सत्तरीत माझी उंची कुठं वाढायची राहिलीय? टाक पाय.”

मी पाय टाकला आणि पलीकडे गेले. पण लहानपणी आईनं काय घोटवून घेतलेलं असतं! चुकून कुणाला ओलांडलं तर तसंच उलटं पाऊल टाकून परत यायचं, म्हणजे दोष जातो. माझ्या मनाला चैन पडेना. मी त्यांच्या पायावरून उलटी अलीकडे आले. आणि पुन्हा दारात चिकटले. ह्यांनी पुन्हा पाय धरला, मी पुन्हा ओलांडला, पुन्हा परत आले. भाजी करपल्याचा वास आला, म्हणजे त्यांना आला. माझं नाक केव्हाच गेलंय. शेवटी ते वैतागून म्हणाले, “तुझं हे असंच चालणार असेल तर स्वयंपाक हॉलमध्ये आणतो.”

हे सगळं मी ब्लॉगवर लिहिलं आणि वाटलं, लोक मला वेडी म्हणतील. तर कंधारच्या एका दुकानदारानं लिहिलं की तोही बायकोच्या पायावरून परत फिरतो. धर्माबादच्या एका सुनेनं लिहिलं की तिची सासू परत फिरायला मिळत नाही म्हणून पाय आडवा धरूच देत नाही. आमच्या भागातल्या माणसांचा हा आजारही आमच्यासारखाच. वाचून मी हसले. चेहऱ्यावर काही दिसलं नसेल, पण आत खूप दिवसांनी गुदगुल्या झाल्या.

त्याच दिवसांत औशाहून एक बाई लिहायला लागली. तिच्या नवऱ्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. औशाच्या आसपासच्या गावांतल्या बायकांच्या हातांत त्यानं आयुष्यभर चुडा भरला होता. हात कापायला लागला, बांगड्या फुटायला लागल्या, आणि एका बाईच्या मनगटाला काच लागल्यावर तो दुकानात जायचा बंद झाला. मग पाय चिकटायला लागले, तसा घराबाहेर पडायचाही बंद झाला. “बाई, तुमचं उलट्या पावलाचं मी यांना वाचून दाखवलं,” तिनं लिहिलं होतं. “लई दिवसांनी हसले. म्हणले, हमारी अम्मी भी यही बोलती थी.”

मी तिला भाभी आणि तिच्या नवऱ्याला भाई म्हणायला लागले. हळूहळू लिहिणं सरून फोन सुरू झाले. माझी गोळी चढायची वेळ आणि त्यांच्या गोळीची वेळ जवळजवळ एकच. त्या अर्ध्या झोपेत भाभीचा आवाज यायचा, मागे औशाच्या गल्लीतले विक्रेते ओरडत असायचे, आणि मला वाटायचं, हेच ते पलीकडच्या काठावरचं माणूस. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या सख्ख्या जावेपेक्षा मला ती जवळची वाटायला लागली होती.

एक दिवस तिचा आवाज बसलेला होता. एकुलत्या एक लेकीचा निकाह ठरला होता. त्यांच्यात रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी बाप लेकीला हाताला धरून दारापर्यंत नेतो, दाराबाहेर काढतो आणि जावयाच्या हाती देतो. भाई म्हणत होते, मी आतल्या खोलीतच बसतो, मामाला नेऊ द्या. सगळ्या गावादेखत दारात चिकटून उभं राहण्यापेक्षा ते बरं. आणि लेक म्हणत होती, अब्बा दारापर्यंत आले नाहीत तर मी घरातून पाय काढणार नाही.

“दोघंबी हट्टी हायत, बाई,” भाभी म्हणाली. “एकानं तरी ऐकावं की न्हाई? मी कुणाकडं बघू?”

मला भाईंचा राग आला. मग वाटलं, मी तरी कुठं वेगळी होते? पाहुणे आले की मीही पायांचं दुखणं काढून आतच बसायची. मी फोन भाईंना द्यायला सांगितला. इन्स्टिट्यूटमधला आवाज काढला आणि म्हटलं, “भाई, आपण दाराशी रंगीत चिकटपट्ट्या लावू. रोज सराव करायचा. आणि मी स्वतः येणार आहे बघायला.” पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं, “आप आयेंगे तो देखेंगे.”

हिवाळ्यात आम्ही निघालो. अहमदपूरच्या पुढे मला झोप लागली. तुरीची पिवळी शेतं खिडकीतून आत येऊन माझ्या मांडीवर बसली होती असं काहीतरी स्वप्न होतं. लातूरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. उतरताना मी दारातच थांबले. मागून “ओ मावशी, उतरा की, का इथंच ऱ्हाता?” सुरू झालं. ह्यांनी खालच्या पायरीवर पाय आडवा धरला, मी उतरले, आणि परत वर चढायला लागले तर त्यांनी दंड धरून ठेवला. “औशाला पोहोचायचंय का नाही?” त्यांनी विचारलं.

औशाच्या त्या घरात शिरले तेव्हा भाभीनं मला बघितलं आणि माझा नाचणारा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. भाई खुर्चीत बसले होते. चेहरा माझ्यासारखाच, निर्विकार. दोन रागावलेली माणसं एकमेकांकडे बघत बसली आहेत असंच कुणालाही वाटलं असतं. पण मला त्यांच्या डोळ्यांतला आनंद सरळ वाचता येत होता, आणि त्यांना माझ्या. बरीच वर्षं मला असं कुणी वाचलं नव्हतं, आणि माझं मन अगदी भरून आलं.

दाराशी पिवळ्या पट्ट्या लावलेल्या होत्या. भाईंनी मला चालून दाखवलं. पट्टी आली की पाऊल उचलायचं, पट्टी आली की पाऊल उचलायचं. झोपेत चालल्यासारखे ते संथ दाराबाहेर गेले आणि परत आले. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, रोज करायलेत. मला न सांगता.”

दुपारी निकाह झाला. जेवणं उरकता उरकता ऊन कलायला लागलं. पेंगत मी अंगणातल्या खुर्चीवर बसले होते, अत्तराचा वास आठवण्याचा प्रयत्न करत होते. कुणीतरी म्हणालं, रुखसत. मी उठून दाराशी गेले आणि बघते तर काय, मंडपवाल्यांनी दारापासून गाडीपर्यंत लाल सतरंजी अंथरलेली. शोभेसाठी. पिवळ्या पट्ट्या तिच्याखाली गेल्या होत्या. सतरंजीच्या दोन्ही टोकांवर माणसं उभी होती, आता ती काढता येणार नव्हती.

लेकीचा हात धरून भाई आतल्या खोलीतून निघाले. चार-पाच पावलं नीट आले. दारात आल्यावर त्यांनी खाली बघितलं, सगळं लाल दिसलं, आणि ते थांबले. भाईंचा गुडघा थरथरायला लागला. मामा पुढे सरकला, तसा लेकीनं त्याला नजरेनंच थांबवलं. माझेही पाय तिथंच चिकटले.

लेकीनं चप्पल काढली. जरीचा घेर हातानं वर धरला, आणि मेंदी लावलेलं पाऊल बापाच्या पायांसमोर आडवं ठेवलं.

भाईंनी मान हलवली. “न्हाई बेटा. पाय काढ. आजच्या दिवशी तुला ओलांडू व्हय मी?”

“ओलांडा, अब्बा.”

“आणि परत फिरलो तर पुन्हा आतच ऱ्हातो की मी.”

“मग आज फिरू नका,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र घरात भांडताना असतो तसा होता. “उलटं पाऊल जुम्मागीला टाका. मी येते ना.”

जुम्मागी म्हणजे लग्नानंतरचे शुक्रवार. त्या शुक्रवारी लेक-जावयाला माहेरी जेवायला बोलावतात. भाईंनी लेकीकडे बघितलं. मग त्यांचा उजवा पाय उचलला, तिच्या मेंदीवरून हळूच पलीकडे गेला, आणि त्यामागून डावा. ते दाराबाहेर आले होते. गाडीपर्यंत सतरंजीवरून ती तसाच पाय ठेवत गेली आणि ते तसेच ओलांडत गेले. बायका रडत होत्या. त्यांना वाटत असावं, लेकीला सोडवत नाही म्हणून बाप इतका हळू चाललाय. तेही खरंच होतं. ह्यांनी माझ्या पायासमोर स्वतःचा पाय आणून ठेवला तेव्हा मला कळलं, मी अजून जागची हललेली नाही.

नांदेडला परतल्यावर शुक्रवारची मी लेकराच्या निकालासारखी वाट बघितली. सकाळची गोळी घेतली, खिडकीपाशी बसले, पण डोळे मिटेनात. उन्हं वर आल्यावर भाभीचा फोन आला. आली का लेक, मी विचारलं.

“न्हाई अजून. दुपारच्याला येतील.”

“भाई कसे आहेत?”

“कसे म्हणजे?” भाभी हसली, पण तिचा आवाज ओला होता. “बाई, उलटं पाऊल टाकायचं म्हणल्यावर बाहेरून आत यावं लागतं की न्हाई? ते सकाळपासून दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेत. गल्लीत. सगळ्या लोकांत. हात नाचायलाय, लोकं येता-जाता सलाम करायलेत, आणि हे सलाम घेऊन राहिलेत.”

आणि लगेच पुढे म्हणाली, “संध्याकाळी ती निघाली की तिला सोडायला परत ओलांडणार. म्हणजे उलटं पाऊल टाकायला पुढच्या जुम्म्याला परत बाहेर बसणार बघा.”